न पाहिलेल्या सिनेमाचं परीक्षण

मोंटानातल्या कोल्टर फ्लॅट गावात डायनोसॉरच्या बाबतीत शेवटचा शब्द हॉगेन सरांचा. गावामागच्या मातकट टेकड्यांवरचं बर्फ वितळलं की कुणाला ना कुणाला हाड सापडतंच. मग ते जुन्या टॉवेलात गुंडाळून सरांच्या अंगणात आणायचं, सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते उलटंसुलटं करायचं आणि म्हणायचं, "गाय." हा गावचा रिवाजच होता. क्वचित कधी ते गायीचं नसे. तेव्हा सर दोन दिवस कुणाशी धड बोलत नसत, इतका त्यांना आनंद होई.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर सर गावच्या साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहू लागले. डायनोसॉरच्या त्या प्रचंड गाजलेल्या सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा त्यांनी त्याच्या इतक्या चुका काढल्या की संपादकाला बागकामाचं सदर गाळावं लागलं. आता दुसरा भाग येणार म्हटल्यावर कॅफेत कुणीतरी सरांना विचारलं, की या खेपेला कसा असेल?

"मला तो पाहायचीसुद्धा गरज नाही," सर म्हणाले आणि शांतपणे ॲपल पायचा तुकडा तोंडात टाकला. "हाड बघून जनावर सांगतो मी. हा तर नुसता सिनेमा आहे."

हे गमतीत बोलले असते तर ठीक होतं. पण साप्ताहिक निघायचं गुरुवारी आणि सिनेमा लागायचा शुक्रवारी. शिळं परीक्षण छापलं जाणं सरांना कमीपणाचं वाटे. त्यातच दाताच्या दुखण्यासाठी ते बिलिंग्ज शहरात गेले होते, तेव्हा दवाखान्याच्या टीव्हीवर सिनेमाची जाहिरात लागली. अर्ध्या मिनिटाची असेल. तेवढ्या भांडवलावर सरांनी घरी येऊन अख्खं परीक्षण ठोकून दिलं. बिलिंग्जच्या एका खास खेळाला आपण हा सिनेमा पाहिला असंही त्यात बिनदिक्कत लिहिलं. सिनेमात आवाज फार आहे, अक्कल कमी आहे आणि प्रेक्षक मध्यंतराची वाट न पाहता झोपी जातील, असा एकूण निकाल होता. अमेरिकेतल्या थिएटरांत मध्यंतर नसतं हेही लिहिण्याच्या भरात ते विसरले.

शुक्रवारी पहिला खेळ झाला. शनिवारी सकाळी सरांच्या पत्नी अर्डिसबाई केस कापून घेऊन घरी आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. सर टोस्टला लोणी लावत होते. पर्स टेबलावर ठेवून बाईंनी विचारलं, "मिल्टन, त्या पिल्लाचं शेवटी काय होतं?"

"कुठलं पिल्लू?"

सरांच्या तोंडून हे गेलं आणि बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की काहीतरी भयंकर झालंय. अख्खा सिनेमा त्या पिल्लाचाच होता. लांब मानेच्या एका म्हाताऱ्या मादीचं पिल्लू हरवतं, ते शोधायला ती निघते, माणसं मागे लागतात, असली गोष्ट. केस कापणाऱ्या बाईनं शुक्रवारचा खेळ पाहिला होता, आणि सरांच्या परीक्षणात पिल्लाचं नावसुद्धा कसं नाही याचं ती खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीपाशी नवल करत होती.

"पुस्तक न वाचता त्यावर निबंध लिहिला म्हणून किती पोरांना नापास केलंस तू?" अर्डिसबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. ज्युबिली थिएटर काल जवळजवळ रिकामं होतं. रोझेला क्लाइनचं ते थिएटर. नवरा हॅरल्ड गेल्यावर ती एकटी चालवत होती. तिकिटं तीच फाडायची, पॉपकॉर्न तीच भाजायची. उन्हाळाभर तिनं या सिनेमाच्या आशेवर दिवस काढले होते, आणि गावानं सरांचं परीक्षण वाचून घरी बसणं पसंत केलं होतं. उद्या चर्चमधल्या जेवणात सगळं गाव सरांना पिल्लाबद्दल विचारणार होतं, ते वेगळंच.

सरांनी हातातला टोस्ट परत बशीत ठेवला.

आता सिनेमा पाहणं भाग होतं. पण जो सिनेमा आपण पाहिला आणि टाकाऊ ठरवला, तो तिकीट काढून बघायला जायचं कुठल्या तोंडानं? अर्डिसबाई मैत्रिणींबरोबर दुपारच्या खेळाला जाणार म्हणून बाहेर पडल्या, आणि सर गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालू लागले. तेव्हा त्यांची नजर वरच्या फळीवरच्या खोक्याकडे गेली. जावयानं गेल्या हॅलोविनला घातलेला डायनोसॉरचा पोशाख होता तो. आत शिरायचं, चेन ओढायची, कमरेचा छोटा पंखा चालू केला की अंगाभोवती चांगला आठ फुटी डायनोसॉर फुगून उभा. रोझेलाबाईंनी तर पाटीच लावली होती, की डायनोसॉरच्या वेशात येणाऱ्याला पॉपकॉर्न फुकट. म्हणजे संशय यायचं कारण नाही. एरवी मुलांनी असली युक्ती केली असती तर सरांनी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं. पण त्या दिवशी ती त्यांना शास्त्रशुद्ध वाटली.

थिएटरच्या दारात पोचेपर्यंत सगळं झकास होतं. गळ्यापाशी प्लॅस्टिकची खिडकी होती, तीतून रस्ता दिसत होता. आत शिरताना शेपूट दारात अडकली, तर मागच्या बाईनं आपण होऊन ती सोडवून दिली. मग रोझेलाबाईंनी पाहिलं, आणि त्या काउंटरच्या मागून धावतच आल्या.

"ड्वाइट! आलास बाबा! पाठ धरली म्हणून येत नाहीस असं तुझी बायको म्हणाली होती."

ड्वाइट हा गावातला विमा एजंट. मुलांचं मनोरंजन करायला डायनोसॉर होऊन येण्याचं त्यानं कबूल केलं होतं. सरांनी मान हलवून 'मी ड्वाइट नाही' असं सांगायचा प्रयत्न केला. बोलायची सोय नव्हती, त्यांचा आवाज गावातल्या तीन पिढ्यांनी वर्गात ऐकला होता. पण डायनोसॉरची ती मान अशी, की आतून नाही म्हटलं तरी बाहेर ती हो म्हणून डोलायची.

पुढचा अर्धा तास सर नाचले. फोटो काढून घेतले. कुणीतरी बाळ हातात दिलं, ते किंचाळलं, परत घेतलं. शेपटीवर दोन पोरं बसली, त्यांना ओढत लॉबीत फेऱ्या मारल्या. चष्म्यावर वाफ धरली होती. तेवढ्यात एका चिमुरडीनं त्यांच्या पोटाला टेकून आईला विचारलं, की हॉगेन सरांना डायनोसॉर आवडत नाहीत का? आई म्हणाली, "आवडतात ग. फक्त मेलेले."

गर्दी आत जाऊ लागली तेव्हा रोझेलाबाईंनी पॉपकॉर्नचा पुडा आणून डायनोसॉरच्या तोकड्या हातात दिला. आज कालच्यापेक्षा बरी माणसं आहेत, त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, घाम पुसत, त्या मिल्टन हॉगेनबद्दल बोलायला लागल्या. सरांनी पळायचं म्हटलं तर शेपटीवर कुणीतरी उभं होतं.

"सिनेमा वाईट लिहिला त्याचा राग नाही रे, ड्वाइट. ते त्याचं कामच आहे. पण हॅरल्ड गेला त्या हिवाळ्यात मिल्टन दर शनिवारी येऊन माझ्याबरोबर तिकिटाच्या खिडकीत बसायचा. रद्दी सिनेमे असायचे, तरी बसायचा. मी त्याच्यासाठी कडेची खुर्ची राखून ठेवली होती काल. त्याला बिलिंग्जला जाऊन बघावासा वाटला, माझ्याकडे नाही, एवढंच लागलं."

डायनोसॉरनं आपला तोकडा हात वर केला. तो बाईंच्या खांद्यापर्यंत पोचला नाही.

सर अगदी मागच्या रांगेच्या पुढच्या रांगेत कसेबसे मावले. शेपूट वाटेत होती, डोकं पुढच्या रांगेवर कललेलं होतं. सिनेमा सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांत सरांनी मनातल्या मनात सात चुका टिपल्या. आठवी टिपायला गेले तेव्हा ती म्हातारी मादी डोळ्यांनी अधू आहे असं दिसलं, आणि सर आठवी विसरले. मग पिल्लू हरवलं. मग पूर आला. नदीच्या मधोमध ती मादी पाण्याच्या लोंढ्याला आडवी उभी राहिली आणि तिच्या पोटाच्या आडोशानं पिल्लू पोहू लागलं. थिएटरात कुणी पॉपकॉर्न चावत नव्हतं. वाद्यंही थांबली होती.

आणि नेमका तेव्हा सरांच्या कमरेचा पंखा बंद पडला.

आधी एक बारीक शिट्टी निघाली. मग आठ फुटी डायनोसॉर हळूहळू, अगदी सन्मानानं, खाली बसू लागला. पोट गेलं, हात लोंबले, आणि शेवटी ते भलंमोठं डोकं पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या खांद्यावर जाऊन विसावलं. आतून हुंदके येत होते. सरांना ते थांबवता येईनात. रुमाल पँटच्या खिशात, खिसा पोशाखाच्या आत, आणि हात पोशाखाच्या हातांत.

त्या बाईनं मान वळवली नाही. पडद्यावरची नजरही काढली नाही.

"मिल्टन," अर्डिसबाई म्हणाल्या, "नीट बस."

आजूबाजूला हसण्याची लाट उठली. ती थिएटरभर पसरते तोच रोझेलाबाई टॉर्च घेऊन धावत आल्या. कुणाला काही झालं की काय असं वाटून त्या सिनेमा थांबवणारच होत्या. प्लॅस्टिकच्या खिडकीवर उजेड पडला, आणि आत लाल नाकाचे, वाफाळलेल्या चष्म्याचे हॉगेन सर दिसले. बाई पाहतच राहिल्या.

सरांना पुष्कळ काही सांगायचं होतं. बिलिंग्जचा दवाखाना, अर्ध्या मिनिटाची जाहिरात, कडेची खुर्ची. पण पडद्यावर मादीचा पाय घसरत होता.

"रोझेला," ते कळवळून म्हणाले, "सगळं सांगतो, पण आत्ता सिनेमा थांबवू नकोस. पिल्लू अजून पलीकडे पोचलं नाही."

सिनेमा थांबला नाही. पिल्लू पोचलं. चेन अडकली होती ती अर्डिसबाईंनी केसातल्या पिनेनं सोडवली. सगळे गेल्यावर सरांनी रिकाम्या लॉबीत उभं राहून रोझेलाबाईंना सगळं खरं सांगितलं, दातासकट. बाईंनी ते हाताची घडी घालून ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्यांचे ओठ हलले, ते रागानं की हसू दाबायला हे सरांना ठरवता आलं नाही.

रविवारी सकाळी चर्चला जाताना ते त्यांना कळलं. थिएटरबाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सिनेमा थांबवू नका. – मिल्टन हॉगेन.'

चर्चमधल्या जेवणात कुणीच सरांना पिल्लाबद्दल विचारलं नाही. लोकांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की डायनोसॉर आज रडणार का? दुपारपर्यंत ज्युबिलीची तिकिटं संपली. रोझेलाबाईंनी निरोप पाठवला, की येताना नव्या बॅटऱ्या आण, आणि आज कडेच्या खुर्चीवर बस.

सर गेले. पोशाख चढवून, शेपूट आवरून, कडेच्या खुर्चीवर बसले. एकदा पाहिलेला सिनेमा, आता आपल्याला काही होणार नाही, लोकांसाठी थोडंफार नाटक करावं लागेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. नदी आली तेव्हा अर्धं थिएटर मान वळवून त्यांच्याकडे बघत होतं. सरांना त्याचा पत्ताच नव्हता.

अखेर अंधारातून रोझेलाबाई वाकत वाकत आल्या आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या खिडकीवर हळूच टकटक केलं.

"मिल्टन, जरा हळू रड. मागच्यांना सिनेमा ऐकू येत नाहीये."