आबांची आई श्री. वामनराव

हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला आणि त्याच दिवशी मी जिल्ह्यातला सर्वांत मोठा संग्राहक झालो. दुसरा कुणी नव्हता, ही गोष्ट वेगळी! जुन्या नाटक कंपन्यांतल्या नटांचे फोटो छापलेली पोस्टकार्डं मी जमवायचो. एकूण अकरा. त्यातलं एक म्हणजे कोहिनूर : श्री. वामनराव खुर्जेकर, नायिकेच्या वेशात. तेव्हा नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे. वामनरावांच्या नाकात नथ, हातात गुलाब, मागे पडद्यावर रंगवलेला चंद्र आणि नजर अशी लांब लागलेली, जणू आमच्या साखरा गावच्या माळापलीकडून कुणी येतंय. ते कार्ड हातात घेतलं की मला गॅसबत्त्यांची सूं सूं ऐकू यायची, अत्तराचा वास यायचा. मग आई ओरडायची, "रुद्र, म्हशीला पानी दाखव!" आणि वास बदलायचा.

अशा रत्नाला तिजोरी हवी. आबा, म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या खोलीत त्यांच्या वडलांची लोखंडी पेटी होती. आत निजामाच्या काळातले जमिनीचे कागद, वर कडुनिंबाचा पाला. ना कसर, ना ओल. मी वामनरावांना कणकेच्या खळीनं पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवलं (मागचं छापील नाव त्यात कायमचं गेलं, शास्त्रशुद्ध जतन म्हणतात ते हेच!) आणि पेटीच्या तळाशी ठेवलं. उंदरालाही कळलं नसतं.

आबांना कळलं.

पितृपंधरवड्यात ते कसलासा कागद शोधायला बसले. मी कॉलेजातून जीपनं आलो, तर आबा बाजेवर, पुठ्ठा मांडीवर, आणि घरात असा सन्नाटा की शेळ्यासुद्धा दबकून रवंथ करत होत्या.

"रुद्रा," आबा म्हणाले, "माही माय घावली."

इथं सांगायला हवं. आबांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मताच यांना उकिरड्यावर लोळवून नाव ठेवलं उकंडराव, म्हणजे यमाला वाटावं, हा कचरा आहे, राहू दे. यमानं ऐकलं. पोराला सोडलं आणि आईला नेलं. तिचा फोटो नव्हता. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची अविधवा नवमी येते, त्या दिवशी पाटावर तिच्या नावाची सुपारी मांडायची. शहात्तर वर्षं आबांची आई म्हणजे सुपारी! आणि आता बापाच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली, नथवाल्या बाईचा फोटो. दुसरी कोण असणार?

"आबा, हे..."

"बोलू नको. बघू दे."

बोललो नाही. चूक तिथंच झाली!

बापू, म्हणजे माझे वडील, पुठ्ठा घेऊन थेट शेजारच्या गोरेगावला, मोहनसिंग फोटोवाल्याकडे. मी मागे धावलो.

"खिडकीएवढा करा," बापू म्हणाले.

मोहनसिंगनं भिंग लावलं. "माताजींचा पंजा जरा मोठा वाटून राहिला. कमी करू?"

"काहून? कामाची बाई होती!"

"अन् गळ्यात हा उंचवटा कशाचा?"

"आवंढा गिळला असंल. पहिल्यांदाच फोटो काढून राहिली ना!"

मी जोरात खोकलो. मला खोकल्याची गोळी मिळाली.

फोटो घरी आला. वारंगा फाट्याहून जिवनबाई आत्या आली. तिनं फ्रेमशेजारी तोंड नेलं. "बघा! नाक बराबर माह्यावानी!"

खरंच होतं. हे मला अजून छळतं.

नवमीला हार घातला, हळदकुंकू झालं. आईनं खणानारळानं ओटी भरली. जन्मभर टाळ्या घेतलेल्या वामनरावांना अखंड सौभाग्य मिळालं.

"आजीला लुगडं काय शोभून दिसतं!" आत्या म्हणाली.

"धंदाच तो," मी म्हणालो.

"काय?"

"काई न्हाई."

त्यानंतर आबा रोज दिवेलागणीला फोटोखाली बसू लागले. पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून. काचेवर उजेड हलला की तो रंगवलेला चंद्र हळूच सरकल्यासारखा वाटायचा आणि आबांच्या तोंडावर हसू यायचं. शहात्तर वर्षांचं लेकरू! सांगावं तर आबांची आई दुसऱ्यांदा जाणार, न सांगावं तर मी रोज एका परक्या नटाला नमस्कार करणार.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी धीर केला.

"आबा, ती बाई न्हाई. बाप्या हाय. नाटकातला. पेटीत म्याच ठेवला व्हता."

आबांनी पापणी हलवली नाही. "म्हाईत हाय."

"कव्हापासून?"

"खिडकीएवढा केला तव्हापासून. दाढीचे खुंट दिसून राहिले की!"

"मग बोलले काहून न्हाई?"

"अरे, इतकी वर्सं डोळे मिटले की सुपारीच दिसायची. आता तोंड दिसतं. कोनाचं का असंना, तोंड हाय. राहू दे."

मी उठलो.

"थांब," आबा म्हणाले. "तुह्यापाशी असे अजून किती हायेत?"

"धा."

"त्यात माह्या बापासारखा एखादा बघ. ती एकटीच लटकून राहिली भितीवर."

मी दहाही कार्डं पुन्हा पाहिली. दहाच्या दहा बाप्येच होते. पण सगळे लुगड्यात. तसं येऊन सांगितलं. आबांनी फोटोकडे पाहिलं.

"फेटा अन् मिशा रंगवाया किती दिवस लागत्यात, ते मोहनसिंगला इचार."

विचारलं. चार दिवस म्हणाला. नथ पुसायचा एक दिवस वेगळा!