जाळीतला मफलर

खुर्ची दोन हात बाजूला सरकवायची, की भिंतीतली जाळी बुजवायची, असे दोन पर्याय झुळूकरावांपुढे होते. शहाण्या माणसाने खुर्ची सरकवली असती. (पण शहाण्या माणसाच्या घरात सांगण्यासारखं काही घडतच नाही, त्याला आपण काय करणार?)

झुळूकराव हे नाव त्यांना ऑफिसने बहाल केलेलं. पंख्याचा वारा, खिडकीचा वारा, कुणी घाईघाईने शेजारून गेलं तर त्याचा वारा, झाडून सगळे वारे आवक-जावक विभागातल्या एकाच मानेला लागत आणि ती मान यांची असे. घरी स्वयंपाकघरात त्यांची एक ठरलेली खुर्ची होती. तिच्या बरोबर वर भिंतीत वीतभर लांबीरुंदीची जाळी, आणि समोरच्या भिंतीवर पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर. बॉयलर जळायला हवा लागते, ती या जाळीतून येते, तेव्हा जाळीला हात लावायचा नाही, असं तो बसवणाऱ्या माणसाने तीनदा बजावलं होतं. झुळूकरावांच्या ध्यानात एवढंच राहिलं की बॉयलरची हवा आपल्या मानेवरून जाते.

मग खुर्ची सरकवायला काय झालं होतं? तर तत्त्व आडवं आलं. "आज खुर्ची सरकवली तर उद्या घरात आपलं काय राहिलं?" असं ते म्हणत. आधी काय होतं, हे विचारायचं बायको शहाणपणाने टाळत असे.

तर एका थंडीच्या संध्याकाळी बायको बाहेर गेलेली पाहून त्यांनी कपाट उघडलं आणि सासूबाईंनी विणलेला मफलर काढला. मफलर हळदी आणि जांभळ्या रंगाचा, पाच हात लांब, दोन्ही टोकांना लिंबाएवढे गोंडे. लोकर अशी की गळ्याभोवती गुंडाळल्यावर माणसाला वाऱ्याची आठवणच राहत नसे, कारण दोन्ही हात खाजवण्यात गुंतत. झुळूकरावांनी तो मफलर उलथन्याच्या दांड्याने जाळीत पार आतपर्यंत कोंबला आणि वर धबधब्याचं चित्र असलेलं कॅलेंडर टांगलं. वारा बंद झाला. आपण उगाच आवक-जावकमध्ये कुजतोय, इंजिनियर व्हायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, मफलर वापरता ना?"

"रोज!" झुळूकराव म्हणाले. "आई, खरं सांगतो, तुमच्या मफलरमुळे मानेला वारा म्हणून लागत नाही." (यात एक अक्षर खोटं नव्हतं. हे त्यांनी पुढे चारचौघांत सांगूनही पाहिलं, पण उपयोग झाला नाही.)

सासूबाई एवढ्या खूश झाल्या की महिनाभर राहायलाच आल्या.

त्या आल्या तशी थंडी वाढली, खिडक्या घट्ट बंद झाल्या, बॉयलर सकाळ-संध्याकाळ धडाडू लागला, आणि झुळूकरावांचं डोकं दुखायला लागलं. साधंसुधं नव्हे, दोन्ही कानशिलांवर कुणी खिळे ठोकतंय असं. चहा घेताना मळमळायचं, उठताना गरगरायचं. ऑफिसात मात्र अकरा वाजले की डोकं ठणठणीत! संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंच्या समोर बसलं की पुन्हा सुरू. रविवारी तर दिवसभर.

आवक-जावकमधल्या माणसाला एवढा पुरावा पुष्कळ झाला. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने तर लगेच शिक्काच मारला. "सासूच! माझी यायची असली की माझं चार दिवस आधीपासून दुखतं."

तिकडे सासूबाईंचंही डोकं दुखत होतं. बागेत फिरायला गेलं की बरं वाटायचं, घरी येऊन जावयासमोर बसलं की पुन्हा ठणका. शेवटी त्यांनी लेकीला गाठून कुजबुजत सांगितलं. (सासूबाईंची कुजबुज दोन घरं पलीकडे ऐकू जाई.) "अगं, माणूस चांगला आहे गं, पण बोलायला लागला की माझ्या डोक्यात घण पडतात. तू कशी राहतेस?"

तेव्हापासून दोघं एकमेकांना चुकवू लागली. सासूबाई दिवसातून पाच वेळा फिरायला जात. झुळूकराव सुटीच्या दिवशीही ऑफिसला जाऊ लागले, त्यामुळे साहेबांना संशय येऊन त्यांनी कपाटाच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या. जेवायला मात्र दोघांना समोरासमोर बसावंच लागे.

"जावईबापू, मफलर कुठे दिसत नाही तो?"

"धुवायला टाकलाय, आई."

"गेल्या सोमवारीही धुवायलाच होता."

"फार मळला होता."

"एवढा? करता काय तुम्ही त्याचं?"

मधल्या मध्ये बायको पिचत होती. डोकं तिचंही दुखत होतं, आणि तिच्या मते त्याला कारणं दोन होती. पण ती नवऱ्यापेक्षा आणि आईपेक्षा एका बाबतीत वेगळी होती. ती डोळे उघडे ठेवून बघत असे. बॉयलरच्या काचेतून दिसणारी निळी ज्योत हल्ली पिवळी झालीय, वरचा पत्रा काळवंडलाय, खिडक्यांना आतून पाणी सुटतंय, हे तिने पाहिलं. शिवाय वर्षाची सर्व्हिसिंग दोन महिन्यांपूर्वीच व्हायला हवी होती. "चालत्या यंत्राला हात लावू नये," म्हणून झुळूकरावांनी ती पुढे ढकलली होती.

"उद्या सकाळी बॉयलरवाल्या बाई येतायत," बायकोने जाहीर केलं. "बॉयलर, धुराड्याचा पाइप, जाळी, सगळं तपासणार आहेत."

जाळी! झुळूकरावांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सासूबाई फिरायला गेल्याची खात्री करून ते खुर्चीवर चढले, कॅलेंडर उचललं आणि हाताला लागलेला गोंडा ओढला. मफलर हलेना. आणखी जोर लावला तर गोंडाच हातात आला.

"काय करताय?" मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या होत्या.

झुळूकरावांनी गोंडा पटकन तोंडात टाकला. "तारीख बघतोय," ते म्हणाले. म्हणजे त्यांना तसं म्हणायचं होतं.

"चढून?"

"जवळून नीट दिसते."

"मग कितवी आहे?"

"चौदा."

"आज सोळा," सासूबाई म्हणाल्या आणि दाराची बेल वाजली.

बॉयलरवाल्या बाई उंच्यापुऱ्या, हातात हत्यारांची पेटी, आणि कमरेला एक छोटं यंत्र. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्यांचा पाय पडला मात्र, ते यंत्र किंचाळायला लागलं. बाईंनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"सगळे बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता."

"चहा तरी घ्या," झुळूकराव गोंडा गालात सरकवून म्हणाले.

"बाहेर!"

तिघंही अंगावरच्या कपड्यांनिशी अंगणात आली. बाईंनी गॅस बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि आपणही बाहेर आल्या. "डोकं दुखतं का कुणाचं?"

"माझं," सासूबाई म्हणाल्या, आणि जावयाकडे बघून जरा थांबल्या. "पण त्याचं कारण निराळं आहे."

"माझंही," झुळूकराव म्हणाले. "कारण निराळंच."

"कारण एकच आहे," बाई म्हणाल्या. "कार्बन मोनॉक्साइड. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि हा विषारी वायू घरात साठतो. ना वास, ना रंग. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि मग माणूस उठत नाही. आणखी दोन दिवस हे असंच चाललं असतं, तर मला दार उघडायला कुणी नसतं."

झुळूकरावांनी पायरीवर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती कपाळ दाबून बसली होती, चेहरा पांढराफटक. शेजारी सासूबाई डोळे मिटून भिंतीला टेकल्या होत्या. आपल्या मानेपायी आपण या दोघींचा जीव धोक्यात घातला, हे झुळूकरावांना त्या क्षणी लख्ख कळलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी तोंड उघडून गोंडा बाहेर काढला आणि ओला तसाच सासूबाईंच्या हातावर ठेवला.

"आई, उरलेला मफलर जाळीत आहे," ते म्हणाले. "मी कोंबला. वारा लागत होता म्हणून. चूक माझी आहे."

घरातली हवा पुरती मोकळी झाल्यावर बाई आत गेल्या. उघड्या खिडकीतून सगळ्यांना दिसलं. धबधबा बाजूला झाला, पक्कड आत गेली, आणि हळदी-जांभळा मफलर बाहेर येऊ लागला. एक हात, दोन हात, तीन हात, चार हात. शेजारीपाजारीही जमले. पाचव्या हाताला दुसरा गोंडा आला तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

झुळूकराव मान खाली घालून वीज पडायची वाट बघत राहिले. पण सासूबाईंचा चेहरा हळूहळू फुलत चालला होता.

"म्हणजे जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझं डोकं तुमच्यामुळे दुखत नव्हतं?"

"नाही हो, आई! आणि माझंही तुमच्यामुळे नव्हतं!"

दोघांना एकमेकांचा असा उमाळा आला की बायकोच्या डोळ्यांना धार लागली. सासूबाई शनिवारीच परत जायचं ठरवून बसल्या होत्या, तो बेत त्यांनी जागच्या जागी रद्द केला. "आता दोन महिने हलत नाही," त्या म्हणाल्या. झुळूकराव भरात होते. त्यांनी "तीन राहा!" म्हणून टाकलं.

बाईंनी आधी तिघांना डॉक्टरकडे पिटाळलं. रक्त तपासून, नळीने ऑक्सिजन घेऊन ते दुपारी परत आले, तोवर बर्नर साफ झाला होता, पाइप तपासून झाला होता, ज्योत पुन्हा निळीशार जळत होती आणि भिंतीवर एक नवं यंत्र बसलं होतं. "यावर शून्य दिसलं पाहिजे," बाईंनी सांगितलं. "वाजलं तर गॅस बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि मग मला फोन. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, आणि जाळीत काही म्हणजे काही घालायचं नाही. वारा लागला तर मफलर गळ्यात घालायचा असतो."

चार दिवस घरात नुसता आनंदीआनंद होता. झुळूकराव आपल्या खुर्चीवर, जाळीखाली, गळ्यात धुतलेला मफलर घालून खाजवत बसत. सासूबाई समोर बसून त्यांचं बोलणं ऐकत. आणि झुळूकराव बोलत. आवक कशी होते, जावक कशी होते, आवकेची जावक होताना मध्ये काय काय होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी कपाळ धरलं. "अगं, डोकं दुखायला लागलं गं पुन्हा!"

क्षणात धावपळ उडाली. झुळूकरावांनी गॅस बंद केला, बायकोने खिडक्या उघडल्या, तिघंही अंगणात. यंत्र वाजलं नव्हतं, पण जिवाशी खेळ नको. बॉयलरवाल्या बाई दहा मिनिटांत आल्या. त्यांनी स्वयंपाकघर तपासलं, बॉयलर तपासला, पाइप तपासला, जाळीत बॅटरी मारून पाहिली. सगळीकडे शून्य.

"मावशी," त्यांनी विचारलं, "नेमकं कधीपासून दुखतंय?"

"साडेसहाला हे ऑफिसातून आले ना," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हापासून."

बाईंनी झुळूकरावांना एकदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि हत्यारांची पेटी बंद केली.

"याची सर्व्हिसिंग आमच्याकडे होत नाही," त्या म्हणाल्या.