गव्याचं शिंग आणि साडेतीन तोळ्यांचा तांबट

एका जंगलात एक वाद्यवृंद होता, आणि त्याची गोष्ट माझ्याइतकी चांगली कोणालाच सांगता येणार नाही. कारण गाण्याबजावण्यातलं मला सगळं कळतं. दोन वर्षं मी पेटीच्या क्लासला जात होतो. वाजवायला नव्हे, क्लास सुटला की पेट्या उचलून कपाटात ठेवायला. पण बाळांनो, कान तर तिथेच होते ना? तेव्हा गप्प बसा आणि ऐका.

वाद्यवृंद म्हणजे पुष्कळ जणांनी मिळून एकच गाणं वाजवायचं. त्यात पहिलं काम वाजवण्याचं नसतंच. पहिलं काम सूर लावण्याचं. एकाने सूर द्यायचा, बाकीच्यांनी आपापलं वाद्य पिळून, ठोकून त्या सुरावर आणायचं.

इथे सूर द्यायचा तांबट. हिरवा, चिमणीहून जरासा मोठा पक्षी, कपाळावर लाल टिळा. वजन साडेतीन तोळे. उंबराच्या ढोलीत बसून दिवसभर 'टुक्, टुक्' करायचा. एकच सूर. ऊन असो, थंडी असो, केसभर इकडेतिकडे नाही. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. सूर देतो म्हणूनच ती ढोली त्याला मिळाली होती. काम गेलं की घर गेलं.

अस्वल तारा छेडायचं. साळिंदर काटे खुळखुळवायचं. त्याला सुराची गरज नव्हती, म्हणून सुरावर सगळ्यांत जास्त तेच बोलायचं. आणि धनेश नावाचा मोठ्या चोचीचा पक्षी पुढे उभा राहून नुसती चोच हलवायचा. त्याला संचालक म्हणत.

एके दिवशी गवा आला. अंगाने बैलाच्या दुप्पट. त्याच्याकडे आजोबांचं शिंग होतं आणि ते फुंकायची हौस होती. शिवाय ज्या कुरणात तालीम चालायची, ते कुरण त्याचंच होतं. त्यामुळे त्याची परीक्षा घ्यावी असं कोणाच्या मनात आलं नाही.

तांबटाने सूर दिला. सगळ्यांनी लावला. गव्याने शिंग फुंकलं. चांगली दीड पायरी खाली.

सगळे आपापल्या वाद्याकडे रागाने बघू लागले.

शिंग थोडं कापलं तर सूर चढला असता. पण आजोबांचं शिंग कापा, असं गव्याला सांगणार कोण? सभा भरली. साळिंदराला पाठवायचं ठरलं. ते गेलं आणि लगेच परत आलं. सांगितलंस का, असं विचारल्यावर म्हणालं की हो, म्हणजे विषय काढला. म्हणजे तसं 'वा' म्हटलं.

मग असं ठरलं की एकाला वर ओढण्यापेक्षा चाळीस जणांनी खाली जावं. त्यात एकी दिसते. सगळे खाली गेले. अस्वलाच्या तारा इतक्या सैल झाल्या की खारीने त्यांवर धुणं वाळत घातलं.

उरला तांबट. धनेश ढोलीपाशी गेला.

"तांबटभाऊ, सगळे दीड पायरी खाली आलेत. तुमचंच अडलंय."

"माझ्याकडे एकच सूर आहे, साहेब."

"गवेरावांकडेही एकच आहे. पण ते तुमच्यासारखं अडून बसतात का?"

शेवटी तडजोड झाली. चैत्रातल्या उत्सवात तांबटाने चोच मिटून बसायचं, सूर गवा देणार. तेवढं जमलं तर ढोली राहील.

उत्सवाला सारं जंगल लोटलं. वाद्यवृंद वाजू लागला. सगळे सारखेच खाली असल्यामुळे कोणाला काही कळलं नाही. माना डोलू लागल्या. तांबटाने चोच घट्ट मिटली होती. पण गाण्याच्या मध्यावर सगळे क्षणभर थांबले, आणि त्या शांततेत त्याच्या तोंडून निघून गेलं, 'टुक्'.

सूर अगदी बरोबर होता.

"कोण रे तो बेसुरा?" मागच्या रांगेतून कोल्हीण म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. गव्याने तर मोठ्या मनाने मान हलवली. नवशिक्यांना सांभाळून घ्यावं, असंही तो म्हणाला. पण वाद्यवृंदाच्या समितीने घेतलं नाही. संध्याकाळच्या आत ढोली रिकामी झाली, आणि तांबट जंगलाच्या कडेच्या एका बाभळीवर राहायला गेला.

वाद्यवृंदाचं नाव झालं. इतका एकजीव वाद्यवृंद आसपासच्या सात जंगलांत नाही, असं सगळे म्हणतात. सातही जंगलांत गवे आहेत.

तात्पर्य: बाळांनो, चूक कोणाची हे ठरवण्याआधी दोघांना तराजूत घालावं. जो जड भरेल तो सुरात. हलका असेल त्याने चोच मिटायला लहानपणापासूनच शिकावं, आईवडिलांनी त्याचा वेगळा क्लास लावावा.

हे तात्पर्य मी बाभळीखाली जाऊन तांबटाला वाचून दाखवलं. कसं वाटलं, म्हणून विचारलं.

तो म्हणाला, "चांगलं आहे, काका. पण इतक्या हळू आवाजात का वाचताय? गवा तर आज पलीकडच्या जंगलात सत्काराला गेलाय."