सुटू नये म्हणून

२००९ च्या फेब्रुवारीत वासुदेव साठ्यांच्या दुबईतल्या ऑफिसात इतके निरोप समारंभ झाले, की शेवटी समोसे परवडेनात म्हणून ते बंद करावे लागले. बांधकामं ठप्प होती. कपातीची पुढची यादी स्विस साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि सही ते सुट्टीहून परतल्यावर करणार होते. नोकरी गेली की महिन्याभरात व्हिसा खलास, आणि इकडे मुलाची, तनिषची, दहावी तोंडावर आलेली. वासुदेवांची झोप उडाली होती.

अशात साहेबांनी त्यांना बोलावून दोन लांबलचक पट्ट्या पुढे ठेवल्या. "या भुसभुशीत बर्फावरच्या स्की. बुडू नयेत म्हणून रुंद. यांच्यावर बूट अडकवायची बाइंडिंग्ज बसवायची आहेत, पण इथल्या स्कीच्या दुकानाचा फिटर मायदेशी गेला. तुम्ही इमारतींना पत्रे बसवता. जमेल?"

"शुअर सर," वासुदेव म्हणाले. त्या दिवसांत ते कशालाही शुअर म्हणाले असते.

दुकानात विक्रेत्या खैरुद्दीनने बाइंडिंग्जचे तीन जोड काढले. पहिल्या दोन्हींचे, निसटलेली स्की थांबवणारे ब्रेक त्या रुंदीला पुरेनात. "तीसरा लो, भाईसाब," म्हणत त्याने साहेबांचं वजन, उंची, वय विचारलं आणि बूट किती घट्ट धरायचा त्या तक्त्यावर बोट फिरवलं. "स्प्रिंग का नंबर छह."

"मॅक्सिमम कितना जाता है?"

"सोलह. लेकिन हबीबी, उतना..."

"बस, यही दे दो."

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घराच्या हॉलमध्ये, बायकोच्या, अपर्णाच्या, चांगल्या चादरीवर काम सुरू झालं. हिशेबात जे येईल त्याच्या अडीचपट मजबुती धरायची, ही वासुदेवांची वीस वर्षांची सवय. सहाचे झाले पंधरा. वर एक मनाच्या शांतीसाठी. शिवाय स्क्रू हलू नयेत म्हणून साइटवरचा गोंद.

"बाबा, इट्स सपोज्ड टु कम ऑफ," तनिष म्हणाला. "यू फॉल, इट ओपन्स."

"सुटणारी वस्तू बसवून साहेबांना काय तोंड दाखवू? तू मॅथ्स कर."

"अहो, गोंद चादरीला लागला तर बघा," अपर्णा म्हणाली. तो आधीच लागला होता.

तीन आठवड्यांनी साहेब कुबड्या घेऊन आले. गुडघा प्लास्टरमध्ये. त्यांच्या टेबलावर एक स्की आडवी पडली होती आणि तिच्यावर बूट तसाच घट्ट उभा होता. घरचं सामान किती खोक्यांत बसेल, याचा वासुदेवांनी उभ्याउभ्याच अंदाज बांधला.

"मी पडलो," साहेब म्हणाले. "पाय फिरला, गुडघा फिरला, हे नाही सुटलं. शेवटी बुटातून पाय काढून मला उचलून नेलं. तिथल्या तीन मेकॅनिकनी हात टेकले."

"सॉरी सर."

साहेबांनी ड्रॉवर उघडला. यादीवर त्यांची सही झालेली होती. "अजमानच्या टॉवरचे पत्रे दर वाऱ्याला खाली येतात. ते बसवणारे सगळे या यादीत आहेत. रविवारपासून तो टॉवर तुमच्याकडे."

वासुदेवांचे डोळे भरून आले. मान हलवून ते निघाले.

"मिस्टर साठे," साहेबांनी हाक मारली. "आधी माझा बूट काढून द्या."

संध्याकाळी सातला अपर्णाचा फोन आला. "अहो, काय झालं? नोकरी?"

"आहे," वासुदेव पान्याला लटकत म्हणाले. "पण तुम्ही जेवून घ्या."