मालकीणबाई नाहीत असं समजा

तपासनीस बाईंनी गोदामातला मुख्य खटका खाली पाडला आणि शांतपणे सांगितलं, "इमारत जळाली. कॉम्प्युटर जळाले. आणि मालकीणबाई नाहीत असं समजा."

इमारत जळाली तोवर सूनबाई निवांत होती. शेवटचं वाक्य ऐकलं आणि ती हातातली फाईल घाईघाईने चाळायला लागली.

घरचा औषधांचा घाऊक व्यापार. कुठल्या दवाखान्याला काय हवं, कुठली पेटी किती थंड ठेवायची, सगळं कॉम्प्युटरच्या पोटात. उद्या आग लागली तर दुसऱ्या जागेवरून कारभार चालू करता येतो का, याची ही तालीम. दुपारपर्यंत जमलं नाही तर मंजुरी रद्द, आणि मंजुरी गेली की एकही दवाखाना दारात उभं करणार नाही. योजना सूनबाईनेच घाम गाळून लिहिली होती. खोट एवढीच की प्रत्येक अडचणीवर तिने एकच उपाय लिहिला होता: सासूबाईंना विचारणे.

"नाहीत म्हणजे कुठे गेले मी?" सासूबाईंनी विचारलं.

"बाहेरगावी असाल, किंवा..." बाई अडखळल्या.

"मेले म्हणा की सरळ! जिभेला काय फोड येणारेत?" सासूबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये टाकला. "झालं. मेले. आता मला कोणी काही विचारायचं नाही."

जादा कॉम्प्युटर समोरच्या घराच्या माडीवर होता. सगळी वरात रस्ता ओलांडून निघाली, आणि सगळ्यांच्या पुढे मयत सासूबाई. जिन्यापाशी मात्र त्या खुर्ची ओढून बसल्या. "मेलेलं माणूस जिना चढत नाही."

वर कॉम्प्युटर चालू झाला आणि पासवर्ड मागू लागला. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने छताकडे.

पासवर्ड सासूबाईंच्या हातात होता. शाळेशी त्यांचं फारसं जमलं नव्हतं, पण डोकं तल्लख. ज्याच्यावर राग असेल त्याला त्यांनी ठेवलेलं नाव हाच पासवर्ड. राग बदलला की पासवर्ड बदलायचा. कालच त्या स्वतः माडीवर येऊन नवा घालून गेल्या होत्या.

"तुझ्यावरच असणार," नवरा म्हणाला. "ही योजना तूच लिहिलीस."

सूनबाईने निमूटपणे 'टकळी' लिहिलं. चूक. तिला जरा बरं वाटलं आणि लगेच, कशाला कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

"मग तुम्ही, अहो."

"मला काय म्हणते?"

"गोगलगाय."

नवऱ्याचा चेहरा पडला. तेही चूक.

"आणि मला?" गोदामवाल्याने उत्साहाने विचारलं. "मला काही नाव असेलच की, वहिनी!"

"रिकामं पिंप."

"अरे वा... काय? इतकी वर्षं मी मान खाली घालून काम करतोय!"

पिंपही चूक निघालं. तपासनीस बाईंनी घसा खाकरला. "परवा फोनवर त्या माझ्यावर बऱ्याच चिडल्या होत्या. मला काय म्हणतात?"

"थर्मामीटर," सूनबाई पुटपुटली.

"लिहा," बाई अंगातला ताप मोजल्यासारख्या चेहऱ्याने म्हणाल्या.

चूक. पडद्यावर सूचना आली: आणखी एकदा चुकलात तर दिवसभर कुलूप.

"आई, अगं सांग ना!" नवरा जिन्यातून ओरडला.

"मी नाहीये!" खालून खणखणीत उत्तर आलं.

सूनबाई उठली. हातापाया पडावं म्हणून अर्धा जिना उतरली आणि थबकली. सासूबाई वाकून उजवा गुडघा चोळत होत्या. चाहूल लागताच हात असा मागे घेतला, जसा काही लाडवांच्या डब्यात घालताना पकडला गेला.

कालही त्या इथेच, या पायरीवर बसल्या होत्या. सूनबाईने विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "जिना किती झिजलाय ते बघतेय." ती पुढे गेल्यावर मागून "मेला..." असं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं होतं.

सूनबाई तशीच परत वर गेली आणि कोणाला दिसणार नाही अशा बेताने लिहिलं: मेला गुडघा.

कॉम्प्युटर उघडला. मागण्या, पेट्या, थंडीचे आकडे, सगळं जागच्या जागी.

"कोणाचं नाव होतं?" बाईंनी विचारलं.

"घरातलंच. जन्मभर इमानाने राबला, आता कुरकुर करतो."

"वहिनी, मी कुठे कुरकुर करतो?" गोदामवाला कळवळला.

खाली सासूबाईंनी सुनेला नजरेने गाठलं. "काय लिहिलंस?"

"तुम्हाला कसं सांगू? तुम्ही नाही आहात ना, आई."

बाईंनी मंजुरी दिली, पण एका अटीवर. पासवर्ड निदान दोन जिवंत माणसांना माहीत हवा.

"जीव गेला तरी सांगणार नाही," सासूबाई गरजल्या.

"तो सकाळीच गेलाय," गोगलगाय पुटपुटली.

संध्याकाळी सासूबाई नवा पासवर्ड घालायला निघाल्या. जिन्याशी थांबल्या, मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, सगळं वजन टाकून, पायरी पायरी वर चढल्या. खोलीत गेल्यावर म्हणाल्या, "तिकडे तोंड कर." सूनबाईने केलं.

सकाळी ती कॉम्प्युटरपुढे बसली. थोडा विचार केला आणि लिहिलं: टकळी.

उघडलं.

"एवढ्यात उघडलं?" खालून आवाज आला.

"हो, आई."

"बरं झालं. मला वर यायला नको."