अंगणाचा सुगंधी नकाशा

नकाशे काढणाऱ्या माणसाला जगात अशक्य असं काही नसतंच! निदान आमच्या या नकाशेवाल्याचं स्वतःबद्दल तसं ठाम मत होतं. उभा जन्म जमीनमोजणीच्या कचेरीत गेलेला. त्यामुळे कुठलीही अडचण आली की तो आधी पेन्सिलीला टोक करायचा. नव्या बाजारातून घरी येताना तो अजूनही चुकायचा, ती गोष्ट वेगळी.

या वेळची अडचण मात्र खरीखुरी होती. काचबिंदूने त्याच्या आईची नजर गेली आणि तेव्हापासून म्हातारी खोलीबाहेर पडेना. जिच्या आवाजाने एके काळी अंगण दणाणायचं, ती आता खिडकीशी खुर्ची ओढून गप्प बसायची. बरं, हात धरून न्यावं म्हटलं तर उसळायची.

"धरून न्यायला मी काय गरम पातेलं आहे? जाईन तर माझी मी जाईन!"

आणि तिची ती काही जात नव्हती. नकाशेवाल्याला याचं फार वाईट वाटे. शेवटी एका संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर भलामोठा कागद पसरला.

"दाराशी पुदिना, नळाशी गुलाब, फाटकाशी अनंत आणि बाकाशी मोगरा! ज्याचा वास येईल तिकडे चालायचं. आई नुसत्या नाकाने अंगणभर फिरते की नाही बघ!"

"आणि वारा सुटला तर?" बायकोने विचारलं.

"वाराही दाखवलाय!" त्याने कागदाच्या कोपऱ्यातल्या बाणावर बोट ठेवलं. बायकोने कागद जरा सरकवला आणि ताटं मांडली.

दुसऱ्याच दिवशी स्वारी रोपवाटिकेत हजर!

"वास कसा हवा साहेब? मंद की मध्यम?" रोपवाल्याने विचारलं.

"सणसणीत! पाटीसारखा लांबून कळला पाहिजे."

त्याने पहिल्या गुलाबात नाक खुपसलं. मग दुसऱ्यात. तिसऱ्याला जी शिंक आली ती थांबायचं नावच घेईना. नाक चोंदून दगड झालं. पण माघार घेईल तो नकाशेवाला कसला!

"खताची धूळ आहे हो. हा मोगरा कसा काय?"

"गल्लीच्या टोकाला कळेल!"

"द्या! आणि हा अनंत?"

"दोन गल्ल्या!"

"द्या, द्या!"

अशी सगळी बाग त्याने रोपवाल्याच्या नाकाने निवडली. झाडं लागली, रुजली, फुलली, आणि एका सकाळी आई काठी घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. कितीतरी दिवसांनी! सुनेने वाटेतल्या चपला बाजूला केल्या. नकाशेवाल्याने नकाशा उलगडला.

"कोणी धरायचं नाही!" आईने बजावलं.

"नाही धरत. बाकाकडे जा आई, मोगऱ्याच्या वासाने."

आईने नाक वर केलं. "आला!" म्हणाली आणि तरातरा निघाली. बाक उजवीकडे आणि आई डावीकडे! "अगं..." म्हणेपर्यंत ती दोरीवरच्या ओल्या चादरीत नखशिखांत गुंडाळली गेली.

"अरे, हा मोगरा ओला कसा? आणि मला मिठी का मारतोय?"

बायकोने जीभ चावली. "कालच साबण बदलला हो! पुड्यावर मोगऱ्याचं चित्र होतं. म्हटलं, तुमच्या बागेला शोभेल!"

चादर सोडवून आईला पुन्हा उंबऱ्यावर आणलं. तेवढ्यात वारा सुटला, आणि तो कागदावरच्या बाणाला अजिबात विचारून सुटला नव्हता. एका गल्लीचा मोगरा, दोन गल्ल्यांचा अनंत, सगळ्यांनी मिळून कालवा केला. आई दोनदा गोल फिरली आणि नळाजवळच्या पालथ्या बादलीवर टेकली.

"बाक फारच लहान केलायस रे."

आई चाचपडत उठली. "सगळे वास एकदम बोलतात, बाबा. कोणाचं ऐकू? माझं नाकही म्हातारं झालं असेल." आणि ती खोलीत निघून गेली. ते शेवटचं वाक्य नकाशेवाल्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुदळ घेऊन बाकाशी गेला. मोगऱ्यापासून उपटायला सुरुवात! पण झाडाशी वाकला मात्र, शिंका सुरू! एकामागून एक. कुदळ उचलायला सवड मिळेना. डोळ्यांतून पाणी, रुमाल नाकाला, आणि अचानक मागे टकटक, टकटक.

वळून बघतो तर आई! एकटी! या वेळी दोरीकडे न वळता, नळ चुकवून ती सरळ आली आणि ऐटीत बाकावर बसली.

"आई! मोगरा ओळखलास ना? आज वारा बरोबर होता!"

"कसला मोगरा! तुझ्या शिंकांच्या मागोमाग आले. लहानपणापासून तसाच शिंकतोस, आधी दोन बारक्या आणि मग एक मोठी. गर्दीत हरवायचास ना, तेव्हा याच शिंकांवरून हुडकून काढायचे तुला." तिने हात लांबवून एक फूल चाचपलं, हुंगलं. "वास सुरेख आहे हो पण. इथे आल्यावर कळला."

नकाशेवाल्याला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही केलं आणि वर एक शिंक दिली. इतक्यात बायको धावत आली, एका हातात पाणी, दुसऱ्या हातात शिंकांवरची गोळी.

"खबरदार!" आईने काठी उगारली. कितीतरी दिवसांनी अंगण दणाणलं. "गोळी नको देऊस त्याला. मला अजून फाटक बघायचंय!"

त्यामुळे हल्ली रोज सकाळी नकाशे काढण्यात मुरलेला हा गृहस्थ आई सांगेल त्या झाडाशी रुमाल घेऊन उभा असतो, आणि दारातून हुकूम येतो, "जरा जोरात रे! रस्ता नीट कळत नाहीये!"