तीन हाकांचे संपतकाका

संपतकाकांना एकदा हाक मारून चालत नसे. दोनदा मारूनही नाही. तिसरी हाक पडली की ते मान वळवत आणि आपल्याला नखशिखांत न्याहाळून मग बोलत. "भूत एकदाच हाक मारते," ते सांगायचे. "फार झालं तं दोनदा. तिसऱ्यांदा मारते तो माणूस." आता रात्रीच्या हाकेबद्दल हे आपण सगळ्यांनीच घरात ऐकलेलं असतं. पण हा गृहस्थ भर दुपारी, पोस्टाच्या ओट्यावर, माझ्यासारख्या सरकारी माणसालाही भुतात काढायचा! "काका, दिवसाढवळ्या कुठली आली भुतं?" असं मी एकदा चिडून विचारलं. तर म्हणाले, "रातचे बरे मास्तर, त्याइले उजेडाचं भेव तरी असते. दिवसा फिरते ते लय बेकार."

मी तेव्हा डोणगावच्या अलीकडे एका गावी पोस्टमास्तर होतो. मूळचा चिखलीचा. चिखलीच्या माणसाला आपण शहरातले आहोत असं वाटतं, त्याला माझा इलाज नाही. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावात एकामागून एक नवीन काहीतरी येत होतं. आधी एसटी आली, मग ग्रामपंचायतीत रेडिओ, मग विजेचे खांब. लोक हार-नारळ घेऊन स्वागताला जायचे. संपतकाका हात पाठीमागे बांधून जायचे, त्या वस्तूभोवती एक फेरी मारायचे, वाकून खालून बघायचे आणि निकाल द्यायचे, "याच्यात काहीतरी मेख हाये."

एसटीची मेख त्यांना तिकिटात सापडली. कंडक्टरने तिकिटाला चिमट्याने भोक पाडून हातात दिलं, तर हे म्हणाले, "चांगलं देना बे, फाटकं काऊन देतं?" भोक पाडल्याशिवाय तिकीट खरं होत नाही, असं कंडक्टरने समजावलं. काका मेहकरपर्यंत उभे राहिले, पण त्या तिकिटावर बसले नाहीत. परत आल्यावर मला म्हणाले, "इंग्रजानं पैशाले भोक पाडलं होतं, आठवते का? मंग किती दिवस टिकलं त्याचं राज?"

विजेवर तर त्यांचा दातच होता. "पडली तं बैल जागच्या जागी मरते. अन् तिले घरात बोलावून तिच्या उजेडात जेवावं म्हन्ता?" त्यांच्या गल्लीत सगळ्यांकडे दिवे लागले, यांच्या घरी कंदील. रेडिओचंही तेच. आकाशातून वाणी येते म्हटल्यावर त्यांनी सगळ्या पंचायतीला खडसावलं, "आकाशातून वाणी पयले कंसानं ऐकली होती. त्याचं काय भलं झालं?"

पण त्या रेडिओवरून ते एक बोलले, ते मात्र माझ्या डोक्यात राहिलं. संध्याकाळी पंचायतीसमोर सगळं गाव रेडिओ ऐकत बसलेलं होतं. आम्ही दोघं रस्त्यावरून चाललो होतो. काका थांबले. म्हणाले, "पाहा मास्तर. पयले हे लोकं इथंच बसून भांडत होते, हासत होते. आता पन्नास माणसं बसले हायेत, अन् एकाच्या तोंडातून शब्द नाही. उद्या घराघरात हा डबा येईन. मंग कोन कोनाच्या दारात जाईन?" मी म्हटलं, काका, तुम्ही कशातही खोट काढता. म्हटलं खरं, पण त्या रात्री मी माझ्या शेजाऱ्याकडे उगाच जाऊन बसलो.

अशा माणसाच्या गावात, अन् तेही माझ्या पोस्टात, टेलिफोन आला.

काळा, जड, टेबलावर मांडी घालून बसलेला. आल्यापासून मी त्याला रोज फडक्याने पुसायचो, माझी ऐटच वाढली होती. संपतकाका आले, फेरी मारली, टेबलाखाली वाकून पाहिलं. मी आधीच म्हणालो, "मेख आहे, माहीत आहे." त्यावर ते हसले नाहीत. "याच्यातून दूरचा माणूस बोलते म्हन्ता?" "हो." "जेवढा दूर असंन तेवढा?" "हो, भिलाईचासुद्धा." भिलाई मी मुद्दाम म्हटलं. त्यांची एकुलती एक लेक, कुसुम, भिलाईला दिली होती. जावई तिथल्या कारखान्यात होता. काकू वारल्यापासून काका घरात एकटेच. ते फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मंग यायचं कायले पडते?" मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी खुसपट.

आखाजी जवळ आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आमरसाला तोटा नसतो. काकांनी अंगणातल्या निंबाला नवा दोर बांधला, झोक्याची फळी धुऊन ठेवली. दरवर्षी कुसुम यायची. रोज दुपारी एसटीच्या वेळी काका ओट्यावर येऊन बसायचे, आणि कंडक्टरला 'तुह्या गाडीचं काही खरं नाही' असं सुनवायचे. ज्या गाडीवर विश्वास नाही तिची इतकी वाट पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशात एके सकाळी मेहकरच्या एक्स्चेंजमधून फोन आला. भिलाईहून संपतरावांच्या नावाने ट्रंक कॉल लागतोय, माणसाला बोलावून बसवा. मी आमचा पोस्टमन शालिग्राम याला पिटाळलं. शालिग्रामने त्यांच्या दारात जाऊन, रीतसर तीन हाका मारून सांगितलं, "काका, भिलाईहून कुसुमताईचा ट्रंक आला. मास्तरनं बलावलं."

थोड्या वेळाने पाहतो तर काय, काका बैलगाडी जुंपून पोस्टासमोर हजर! डोक्याला धुतलेला फेटा, बैलांच्या गळ्यात घुंगरं. गाडीत गवत अंथरलेलं, बायकोच्या वेळचं जाजम टाकलेलं. "कुठी हाये?" त्यांनी विचारलं. "काय?" "ट्रंक! पोट्टीनं सामान पुढं धाडलं, म्हंजे ती मांगून येऊन राह्यली. अवंदा जास्त दिवस राह्यते वाट्टे, ट्रंक आनला म्हंजे!" इतकं हसलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. शालिग्राम तोंडाला रुमाल लावून आत पळाला. मला मात्र हसू येईना.

"काका," मी म्हणालो, "ट्रंक म्हणजे पेटी नव्हे. फोन आहे. ती फोनवर बोलणार आहे."

ते गाडीवरून उतरले. आत येऊन बाकावर बसले आणि फोनकडे बघत राहिले. घंटी वाजली तसे दचकले. मी फोन उचलला, सगळं जुळवलं आणि तो त्यांच्या कानाला लावून दिला. "बोला," मी म्हणालो.

कुसुमचा आवाज खणखणीत. मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. "बाबा!"

काका गप्प.

"बाबा! आयकू येते का?"

गप्प. म्हटलं, झालं, तिसऱ्या हाकेची वाट बघताहेत. इथेही! वर मेहकरचा ऑपरेटर तीन मिनिटांचं घड्याळ लावून बसलेला, आणि हा बाबा भूत तपासतोय!

"बाबा! मी कुसुम!"

झाली तिसरी. मी खूण केली, बोला. काका बोलले नाहीत. चौथी झाली, पाचवी झाली. ती पोर तिकडून ओरडत होती, आवाज रडवेला झाला होता. मी त्यांच्या हातून फोन घ्यायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट असं धरलं की सोडवता येईना. मग वेळ संपली. काकांनी फोन हळूच टेबलावर ठेवला. "कोनी बोलत नाही मास्तर," ते म्हणाले. रिकामी गाडी घेऊन घरी गेले. घुंगरं तेवढी वाजत होती.

मी दिवसभर भडकलो होतो. अडाणी, हेकट, मुलखाचा संशयी, काय काय म्हणालो ते शालिग्रामला विचारा.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारची एसटी आली. काका ओट्यावर होतेच. गाडीतून कुसुम उतरली, कडेवर पोरगं, हातात एक पिशवी. ट्रंक नाही, काही नाही. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. उन्हातून तिला समोरचा माणूस दिसला नसावा. ती सरळ माझ्या खिडकीशी आली. "मास्तर, माहे बाबा..." पुढे तिला बोलवेना. मग बाजूला नजर गेली आणि ती किंचाळली, "बाबा!"

"ओ," काका म्हणाले.

पहिल्या हाकेला! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मग तिने त्यांना जे फैलावर घेतलं! "मी गळा फाडून फाडून आवाज देऊन राह्यली, अन् तुमी बोलत नाही? मले वाटलं बाबा गेले, अन् मास्तर सांगत नाही मले! दोन रात्री डोळ्याले डोळा नाही!" काका खाली मान घालून नातवाच्या पायातला बूट चाचपत होते. म्हणाले, "ओ देल्ली असती तं तू काय म्हनली असती?"

तिने पदराने तोंड पुसलं. "म्हनली असती, अवंदा येनं होत नाही."

"मंग," काका म्हणाले.

मी खिडकीत तसाच उभा. भूत नाही अन् बित नाही! मेख त्या फोनमध्ये नव्हती, या माणसात होती.

कुसुम चार दिवस राहिली. झोक्यावर बसली, रस खाल्ला, जाताना माझ्यासमोर बापाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "माही आन हाये. यापुढं फोन आला तं ओ द्याची. असा जीव घ्याचा नाही माहा." काकांनी आधी हात काढून घ्यायचा प्रयत्न केला, मग "हाव" म्हणाले.

पुढच्या आखाजीला पुन्हा मेहकरहून निरोप आला. शालिग्राम गेला आणि या वेळी त्याला एकच हाक मारावी लागली. काका पायी आले. गाडी नाही, फेटा नाही. मी सकाळी त्यांच्या घरावरून आलो होतो, तेव्हा निंबाला नवा दोर बांधून झाला होता.

घंटी वाजली. मी फोन उचलायच्या आधीच काका बाकावरून म्हणाले, "ओ." मी म्हटलं, अहो थांबा, अजून लागायचा आहे. मग फोन त्यांच्या हातात दिला.

"ओ, बोल बाई." त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये मध्ये मान हलवत होते, तिकडे दिसत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. "हो... हो... सासूले जप. पोराले आनू नको असं उन्हाचं... मी? मले काय धाड भरली! ... झोका? नाही बा, अवंदा बांधलाच नाही. कोन बसते त्याच्यावर?"

वेळ संपली. फोन बंद झाला तरी त्यांनी तो थोडा वेळ कानाला तसाच धरून ठेवला. मग दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

"आवाज लय साफ येते मास्तर," ते म्हणाले. "बाजूले बसून बोलल्यासारखा."

"येतो ना?" मी म्हणालो.

"हेच ते." त्यांनी पायात जोडे सरकवले. "मी म्हनत होतो ना, याच्यात मेख हाये."